उशीवरची चमकी

अंथरुणं आवरताना झुंबरबाईंना सुनेच्या उशीच्या अभ्र्यावर काहीतरी चमकताना दिसलं. त्यांनी नखानं खरवडलं, तर ते बोटालाच चिकटलं. दारातल्या उन्हात बोट धरलं तर चमकी निळी दिसली, जरा वळवलं तर सोनेरी. शिवणाच्या कारखान्यात जाणाऱ्या बाईच्या अंगाला दोऱ्याचे तुकडे चिकटतात, केसात कापसाची तुसं अडकतात. चमकी कुठून आली?

पुढच्या सोप्यात सून तेजस्वी लेकीची वेणी घालत होती. ईश्वरी बालवाडीत जायची, आणि वेणी घालताना एका जागी बसणं तिला अजून जमत नव्हतं.

"तेजा, तुमच्या कारखान्यात काय शिवत्यात गं?" झुंबरबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शाळेचे ड्रेस, आत्ती."

"शाळंच्या ड्रेसला चमकी असती व्हय?"

तेजस्वीचा हात वेणीतच थांबला, मग पुन्हा चालू लागला. "गॅदरिंगचे बी असत्यात की. जातो मी, गाडी चुकंल."

कोल्हापूर शहरातल्या पेठेत वाढलेली ही पोर पुरुषासारखं 'आलो, गेलो, जातो' असंच बोलायची. आधी ते झुंबरबाईंना खटकायचं, आता सवय झाली होती. पण आजचं 'जातो' त्यांच्या कानात अडकून राहिलं. सून पाठमोरी दिसेनाशी होईपर्यंत त्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

चौगुल्यांचं घर कागलच्या अलीकडच्या एका गावात, हायवेपासून जरा आत होतं. घरचा ऊस, दोन म्हशी आणि गावात मान. गणपतराव चौगुल्यांना सगळं गाव आण्णा म्हणे. त्यांचा थोरला मुलगा कृष्णात हायवेवर ट्रकच्या धडकेत गेला. त्याच्या थोडं आधीच गावानं ठराव केला होता की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ग्रामसभेत हा ठराव आण्णांनीच मांडला होता. आणि तो लागू करण्याची पहिली वेळ त्यांच्याच घरावर आली. म्हातारी माणसं कुजबुजत असताना आण्णा पोराच्या मढ्याजवळ उभे राहून म्हणाले होते, "माझ्या सुनंच्या हाताला कुनी हात लावायचा न्हाय." तेव्हा ते मनापासून बोलले होते, हे इथं सांगायलाच हवं.

पुढे त्यांचा सत्कार झाला, शाल मिळाली. तेजस्वीच्या कपाळावर कुंकू राहिलं. मात्र त्या कुंकवाबरोबर गावाची नजरही तिच्या कपाळावर राहिली. पांढऱ्या कपाळाच्या बाईकडे लोक दयेनं बघायचे. हिच्याकडे बघून डेअरीच्या रांगेतल्या बायका एकमेकींना विचारायच्या, कुंकू लावती ते कुनासाठी? नवा झंपर घातला की प्रश्न, मोबाईल वाजला की प्रश्न, हसली तर मोठाच प्रश्न. ठरावात या प्रश्नांबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्या संध्याकाळी घरात टीव्हीवर कबड्डी लागली होती. राज्यातल्या संघांची लीग चालू होती, सामने पुण्याला होते, पुढचे कोल्हापुरात व्हायचे होते. धाकटा राजवर्धन कबड्डीसाठी वेडा. दिवसा तो डेअरीत दूध मोजायचा आणि उरलेला वेळ मोबाईलमध्ये घालवायचा. मध्यंतरात संघाच्या नाचणाऱ्या पोरी मैदानात आल्या तशी त्यानं शिट्टी मारली. आण्णांनी टीव्हीवरची नजर न काढताच त्याला दटावलं.

"कुनाच्या घरच्या पोरी असतील, कुनाला ठावं," ते म्हणाले. "आयबाप बगत नसतील व्हय?"

आत भाकरी थापण्याचा आवाज बंद पडला. झुंबरबाईंनी ते टिपलं.

तेवढ्यात ईश्वरी टीव्हीसमोर उभी राहिली. "पाच, सहा, सात, आठ," असं म्हणत तिनं एक पाय उचलला, दोन्ही हात ताठ वर नेले आणि टाळी वाजवली. पोर ठेक्यात होती.

"कुनी शिकिवलं गं हे?" झुंबरबाईंनी विचारलं.

"आईनं."

स्वयंपाकघरातून तेजस्वी लगबगीनं बाहेर आली आणि पोरीला जेवायला घेऊन गेली. तिनं कुणाकडेच बघितलं नाही.

पुढच्याच दिवशी आण्णांचा चुलतपुतण्या पृथ्वीराज घरी आला. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होता. चहाचा कप हातात घेऊन त्यानं आधी उसाची, म्हशींची चौकशी केली. मग म्हणाला, "आण्णा, वाईट वाटून घेऊ नका. पन वैनी ज्या कारखान्याचं नाव सांगती, तिथं मी गेटवर इचारलं. ह्या नावाची बाई तिथं न्हाय. आनि गावातनं ती एमआयडीसीच्या गाडीत बसतच न्हाय. कोल्हापूरच्या एसटीत चढती."

"तुला कुनी सांगितलं हुतं इचारायला?" आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र खाली आला होता.

"घरची अब्रू हाय, आण्णा. तुमच्या ठरावाकडं सगळं गाव बगतंय. उद्या लोक म्हनतील, कुकू ठिवायला सांगितलं त्याचं हे झालं."

पृथ्वीराज गेल्यावर आण्णा बायकोला एवढंच म्हणाले, "तू बग जाऊन. बाईमानसानं बगावं."

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईंनी अंबाबाईला जाते असं सांगितलं. तेजस्वी एसटीत पुढं बसली, त्या गर्दीत शेवटी चढून पदर पुढं ओढून मागं बसल्या. सून मांडीवर पिशवी ठेवून खिडकीबाहेर बघत होती. मोबाईल वाजला, तिनं तो कानाला लावला, हळू काहीतरी बोलली आणि ठेवून दिला. कुणाचा असेल?  झुंबरबाईंच्या रागाच्या खाली एक भीती होती. जे बघायला निघालो ते खरंच दिसलं तर काय करायचं?

कोल्हापूरच्या स्टँडवर तेजस्वी उतरली. बाहेर एक तरुण मोटारसायकल घेऊन थांबला होता. त्यानं तिला हेल्मेट दिलं, ती मागं बसली आणि गाडी निघाली.

झुंबरबाईंनी हात करून रिक्षा थांबवली. "त्या गाडीमागं घे."

रिक्षावाल्यानं आरशातून त्यांच्याकडं बघितलं. "मावशी, काय भानगड हाय काय?"

"तू गाडी हाण."

मोटारसायकल एका खेळाच्या मैदानाला लागून असलेल्या जुन्या हॉलपाशी थांबली. आतून हलगी ऐकू येत होती. हॉलच्या मागच्या दाराशी पोरींच्या चपलांचा ढीग होता. झुंबरबाई तिथं भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

आत जाड गाद्या अंथरल्या होत्या. बारा-पंधरा पोरी संघाचे टी-शर्ट आणि काळ्या पायघोळ पँटी घालून उभ्या होत्या. सगळ्यांचे चेहरे घामानं निथळत होते. मोटारसायकलवाला तरुण आत जाऊन हलगीवाल्याशेजारी बसला आणि साथीचं घुमकं वाजवू लागला. तेजस्वी पोरींच्या पुढं उभी होती.

"आदिती, तुझा डावा पाय उशिरा पडतोय. परत. पाच, सहा, सात, आठ."

हा खणखणीत आवाज झुंबरबाईंनी कधी ऐकला नव्हता. घरात ही बाई मीठ मागायची तेसुद्धा दबक्या आवाजात.

मग तेजस्वी आणि दुसरी एक बाई गुडघे वाकवून उभ्या राहिल्या. एक बारकी पोरगी त्यांच्या मांड्यांवर पाय देऊन खांद्यांवर चढली आणि वर ताठ उभी राहिली. हलगी वाढली. वरच्या पोरीचा तोल गेला. तेजस्वीनं तिला हवेतच दोन्ही हातांवर झेललं. पोरीचं कोपर तिच्या गालावर बसलं, तरी हात सुटले नाहीत. पोरीला खाली उतरवून तिनं आधी तिचाच पाय चाचपून बघितला.

झुंबरबाईंचा श्वास मोकळा झाला खरा, पण मन अजून मानत नव्हतं. नाचायचंच होतं तर खोटं का बोलली? सगळ्या लोकांसमोर नाचणार? त्यांनी नजर वळवली तर समोरच्या खिडकीत त्यांना वेगळंच काही दिसलं. बाहेर मोटारसायकलींवर उभी राहून चार-पाच पोरं जाळीतून मोबाईल आत धरत होती. कोपरानं एकमेकांना ढोसत होती, फिदीफिदी हसत होती. त्यांतला एक राजवर्धन होता. डेअरीला जातो म्हणून सकाळी त्यांच्याच हातची न्याहारी करून तो घरातनं निघाला होता.

मायलेकाची नजरानजर झाली. राजवर्धन खाली उतरला आणि दिसेनासा झाला.

थोड्या वेळानं तेजस्वीनं दाराकडे बघितलं. तिनं हलगी थांबवली, टॉवेलनं तोंड पुसलं आणि ती सासूसमोर येऊन उभी राहिली. गाल लाल झाला होता, कानामागं चमकी चिकटलेली होती.

"आत्ती, बसा. पाणी आणू?"

"त्यो गाडीवाला कोन?"

"सम्मेद. आदितीचा नवरा. आदिती माझी शाळेपासनंची मैत्रीण, ही टीम तिची हाय. कबड्डीच्या संघानं आम्हाला घेतलंय. मी शिकवतो आणि सामन्याला नाचतो बी."

"खोटं का बोललीस?"

तेजस्वी पायरीवर बसली. झुंबरबाई उभ्याच होत्या.

"पहिलं खोटं तुमच्या लेकानं सांगितलं, आत्ती. लग्नाआधी मी पुण्यात सामन्यांना नाचायचो. तिथंच त्यांनी मला बघितलं. स्थळ घेऊन आले तेव्हा म्हणाले, घरात लहान पोरांचा डान्स क्लास घेते म्हणून सांग, पुढं मी बघतो. पुढं ईश्वरी झाली. मग ते गेले. सांगायचं राहूनच गेलं."

"आनि आता?"

"आता तुम्हीच सांगा. घरात विचारलं असतं, कबड्डीच्या मैदानात नाचायला जाऊ का, तर आण्णांनी जा म्हणून सांगितलं असतं? तुम्ही सांगितलं असतं?"

झुंबरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्या तशाच स्टँडकडे चालू लागल्या. अंबाबाईला गेल्याच नाहीत.

परतीच्या एसटीत त्यांना आक्का आठवत राहिली. आक्का म्हणजे आण्णांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली. झुंबरबाई नव्या नवरी असताना कुणीतरी उठवलं की आक्का मळ्यात एका माणसाशी बोलत उभी असते. भाऊकी जमली. ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा ठेवला. देवाच्या नावानं तो मुठीत घेऊन बाईनं आपण शुद्ध आहोत असं सांगायचं, मग संशय मिटला असं समजायचं, अशी रीत. आक्कानं भंडारा उचलला, सांगितलं. संशय मिटला नाही. उलट लोक म्हणू लागले, काही असल्याशिवाय का कुणी भंडारा उचलायला लावतं? मागच्या खोलीत, कुणाशी न बोलता, आक्का संपली. तिला जेवणाचं ताट नेऊन द्यायचं काम झुंबरबाईंकडंच होतं.

घरी आल्यावर आण्णांनी विचारलं, "काय दिसलं?"

"नाच शिकवती पोरींना. वावगं काय न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या. राजवर्धनबद्दल बोलल्या नाहीत. आपल्या पोटच्या पोरावर संशय घ्यायला जीभ लवकर वळत नाही.

त्या गप्प राहिल्या आणि त्याचं मोल सुनेला द्यावं लागलं. रविवारपर्यंत जाळीतून घेतलेली चित्रफीत गावातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलवर पोचली. त्यात पोरीला झेललेलं नव्हतं, पाय चाचपलेला नव्हता. तेजस्वी गुडघे वाकवून खाली बसते तेवढाच तुकडा होता, जवळून घेतलेला, पुन्हा पुन्हा फिरवलेला. खाली लिहिलं होतं, ठराववाल्यांची सून.

रविवारी सकाळी पृथ्वीराज भाऊकीतली चार माणसं घेऊन आला. सोप्यात सतरंजी अंथरली गेली. तेजस्वीला आतून बोलावलं. ईश्वरी तिचा पदर धरून उभी होती, तिला शेजारी पाठवलं.

आण्णांनी खाली बघतच विचारलं, "हे तूच हाईस?"

"व्हय, आण्णा. मीच हाय. हे माझं काम हाय. खोटं बोललो ती माझी चूक झाली, ती मी मानतो."

"काम कसलं?" पृथ्वीराज म्हणाला. "रोज येगळ्या गाडीवर बसायचं, परक्या गावात जायाचं. अजून काय काय चालतंय, कुनाला ठावं. आण्णा, लोकांची तोंडं बंद करायची असतील तर एकच मार्ग."

त्यानं घरनं आणलेलं ताट सतरंजीच्या मधोमध ठेवलं. बेलाची पानं, वर पिवळाधमक भंडारा.

आण्णा ताटाकडं बघत राहिले. त्यांना आपली बहीण आठवली की नाही, सांगता येत नाही. शेवटी ते म्हणाले, "उचल, पोरी. देवाचं नाव घे आनि सांग. इषय संपंल. मी हाय की तुझ्या पाठीशी."

तेजस्वी हात बांधून उभी होती.

"मी उचलणार न्हाय."

"म्हंजे?"

"मी काय केलंय म्हणून उचलू? सगळ्यांच्या देखत विचारलंत, मी खरं सांगितलं. तेवढ्यानं पटत नसंल तर देवाला मधी घालून बी पटणार न्हाय. आज उचलला तर उद्या परत सामन्याला जाईन. मग परत ताट मांडणार? दर सामन्याला मांडणार?"

 पृथ्वीराज मांडी बदलत म्हणाला, "उचलत न्हाय म्हंजे काय समजायचं ते समजलं. आण्णा, हिला म्हायारी धाडा. पोरगी हितंच ऱ्हाऊ दे. कृष्णातच्या वाटनीचं रान राजवर्धन बगंल. मी हाय मदतीला."

झुंबरबाई आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. रानाचं नाव आलं तशी त्यांनी मान वर केली. गेटवरची चौकशी, चहाच्या कपाआडून सांगितलेली बातमी, गावभर फिरलेली चित्रफीत, घरनं तयार करून आणलेलं ताट, हे सगळं त्यांच्या मनात एका ओळीत येऊन बसलं. त्या सोप्यात आल्या. भाऊकीच्या बैठकीत त्या घरातली बाई पहिल्यांदाच सतरंजीवर पाय देत होती.

त्यांनी ताट उचललं आणि कोपऱ्यात बसलेल्या राजवर्धनसमोर ठेवलं.

"तू उचल आधी. आनि सांग, त्या दिवशी डेअरीला म्हनून तू कुठं गेलतास. जाळीतनं मोबाईल कुनी घातला हुता ते सांग."

राजवर्धनचा चेहरा पांढरा पडला. तो भावजयीकडं बघू शकला नाही, आईकडंही नाही.

"उचलत न्हाय?" त्यांनी ताट पृथ्वीराजपुढं सरकवलं. "तुला पोरानं पाठवलं, तू गावाला पाठवलंस. तू उचल. उचल आनि सांग की कृष्णातच्या रानावर तुजा डोळा न्हाय."

"काकी, तुमी बाईमानूस..."

"व्हय. बाईमानूस म्हनून मला बगायला धाडलं हुतं ह्यांनी. मी बगून आलो. सून पडनाऱ्या पोरीला झेलत हुती आनि माझा ल्योक बाहेरनं चोरून बगत हुता." सुनेचं 'आलो' त्यांच्या तोंडात कसं आलं ते त्यांनाही कळलं नाही. मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आक्कानं उचलला हुता, अवो. काय झालं? मी मागच्या खोलीत ताट पोचवत हुतो, तुमी एकदा तरी दार लोटून तिच्यासंगं बोलला?"

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.  भाऊकीतला एक म्हातारा काठी शोधू लागला. बघता बघता सोपा रिकामा झाला. पृथ्वीराज आपलं ताट न्यायचं विसरला. ते झुंबरबाईंनी शेजारच्या पोरीच्या हातानं त्याच्या घरी पोचवलं.

 संध्याकाळी राजवर्धन स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला, "वैनी, मी ते काढून टाकलं मोबाईलमधनं." तेजस्वी चुलीपुढून उठली नाही. "तुमच्यातनं काढलं, भावजी. गावातनं कसं काढणार?" तो मागच्या दारानं निघून गेला.

सकाळी तेजस्वीनं पिशवी भरली. माहेरी जायची नव्हे, सरावाची. तीन दिवसांवर कोल्हापुरातला पहिला सामना होता. आण्णा सोप्यात वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. ती त्यांच्यासमोर थांबली.

"आण्णा, मी कामाला जातो. संध्याकाळी येतो. हे घर कृष्णातचं हाय, माझं बी हाय. मी सोडणार न्हाय."

आण्णांनी जा म्हटलं नाही. जाऊ नको असंही म्हटलं नाही. त्या माणसानं एकदा सुनेच्या बांगड्या वाचवल्या होत्या. आता तिच्या चालण्याला वाट द्यायची की नाही, ते त्याचं ठरत नव्हतं. असे किती आण्णा आपल्या गावोगावी, शहरातल्या फ्लॅटमध्येही, वर्तमानपत्र धरून बसलेले असतील. नाचणाऱ्या पोरी पडद्यावर आल्या की त्यांची नजर हटत नाही, आणि तीच पोर उंबऱ्यातून बाहेर निघाली की त्यांना अब्रू आठवते.

तेजस्वी अंगणात आली तेव्हा झुंबरबाई पायात चपला घालत होत्या. त्यांनी सुनेच्या हातातली पिशवी घेतली. ईश्वरीला कडेवर घेतलं.

"तुम्ही कुठं, आत्ती?"

"स्टँडपतूर."

दोघी गावातून चालत निघाल्या. आडवाटेनं जाता आलं असतं, झुंबरबाई मधल्या गल्लीनंच गेल्या. डेअरीसमोर कॅन हातात घेतलेली माणसं बोलायची थांबली. पानपट्टीवर दोन मोबाईल वर झाले. झुंबरबाईंनी त्या पोरांकडं इतकं सरळ बघितलं की मोबाईल खाली गेले.

एसटीच्या थांब्यावर शेजारच्या गल्लीतली बाळाबाई पाटी घेऊन बसली होती. तिनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि तोंड वाकडं करून विचारलं, "काय झुंबरबाई, सून म्हायारी निघाली जनू?"

आजूबाजूची माणसं कान देऊन होती. झुंबरबाईंनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हायारी कशाला जाईल? कामाला निघालीया. कबड्डीच्या मैदानात नाचती ती. पोरींना शिकवती. सामना हाय गुरुवारी, टीव्हीवर बी दिसंल. बग की."

बाळाबाईनं पाटीवरचं फडकं नीट केलं. कुणी हसलं नाही. हायवेकडनं कोल्हापूरची गाडी आली. तेजस्वी चढली, खिडकीत बसली आणि पिशवीसाठी तिनं हात बाहेर काढला. 

"सांजच्याला ये," पिशवी देत झुंबरबाई म्हणाल्या. "दार मी उघडीन."

गाडी सुटली. नातीला घेऊन त्या घराकडं वळल्या. सोप्यात नवरा बसलेला होता आणि त्याच्याशी बोलायचं अजून बाकी होतं.